काचेत मासे ठेवतात

काकींना फोन केला की पलीकडून 'हॅलो' कधी ऐकू यायचं नाही. त्या फोन उचलून थेट 'मफी!' म्हणायच्या. इथल्या, म्हणजे बहारीनच्या, अरबीत मफी म्हणजे नाही, संपलं, मिळणार नाही. काकींचं मनामाच्या अदलिया भागात कपड्यांचं बुटीक होतं आणि त्यांचा अनुभव असा, की फोन करणारा माणूस जे मागतो ते त्यांच्याकडे नसतंच. मग उगाच दोघांचा वेळ कशाला घालवा? मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहायला आलो, तेव्हा अडीअडचणीला असू दे म्हणून पुण्याला आईला त्यांचा नंबर दिला होता. पहिल्याच आठवड्यात आईचा मला फोन आला.

"अरे, तुझ्या घरमालकीणबाई किती नम्र आहेत रे! मी काही बोलायच्या आतच माफी मागितली त्यांनी. पण कशाबद्दल?"

मी आईचा गैरसमज दूर केला नाही. काकींना नम्र समजणारं एक तरी माणूस जगात असावं, असं मला वाटलं.

काकी कोल्हापूरच्या. त्यांचे यजमान वारल्यावर त्या बहारीनमध्ये एकट्याच राहिल्या होत्या. खाली दुकान, वर त्यांचं घर आणि जिन्याच्या तोंडाशी माझी खोली. इथले मराठी लोक त्यांना काकी म्हणायचे, बहारीनी बायका मदाम म्हणायच्या, आणि त्या स्वतः सगळ्यांना सरसकट अरेतुरे करायच्या. केस पांढरेशुभ्र आणि मुलग्यासारखे कापलेले. अंगात चोळीच्या खणाची बेलबॉटम. खणाची चोळी मी पाहिली होती. खणाची पँट, तीही खाली दोन्ही पायांत मांजर लपेल एवढ्या घेराची, प्रथमच पाहत होतो.

मी तेव्हा एका विमा कंपनीत नुकताच अकाउंटंट म्हणून लागलो होतो. माझ्याकडे फिकट निळे शर्ट आणि बदामी पँटी यांखेरीज काही नव्हतं. हे कपडे मी विचारपूर्वक घेतले होते. सकाळी कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर चालतो आणि डोकं कामासाठी मोकळं राहतं, असं मी लोकांना समजावून सांगायचो. लोक ऐकून घ्यायचे. काकींनी मला पहिल्यांदा दारात पाहिलं, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि हळू आवाजात विचारलं,

"घरात कोण वारलंय काय रे?"

"नाही. सगळे बरे आहेत."

"मग असा का आलास?"

त्या बदामी रंगाला त्या 'रजेच्या अर्जाचा रंग' म्हणायच्या. पुढे पुढे मी जिन्यावरून उतरलो की त्या शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणायच्या, "चालला बघा रजेचा अर्ज." मी हसायचो. दुसरं काय करणार? एकदा मी धीर करून चॉकलेटी पँट घालून उतरलो. काकींनी या वेळी मान वर केली. "मंजूर झाला वाटतं," म्हणाल्या.

त्यांच्या दुकानात आरसा नव्हता. नवीन गिऱ्हाईक कपडा अंगावर घेऊन भिंतीभिंतीने आरसा शोधत फिरायचं आणि शेवटी काकींसमोर येऊन उभं राहायचं. त्या म्हणायच्या, "हात वर कर. दोन्ही. हां, आता खाली बस. ऊठ. आता मागं बघ, कुणी हाक मारलीय असं." एवढं करून झालं की निकाल लागायचा. हा तुझा, नाहीतर हा तुझा नव्हे. तुझा नव्हे म्हटल्यावर कितीही विनवण्या केल्या तरी तो कपडा पुन्हा खुंटीला जायचा. अमवाजच्या बंगल्यांतून मोठ्या गाड्या घेऊन आलेल्या बायका मी रिकाम्या हाताने परत जाताना पाहिल्या आहेत. गंमत म्हणजे त्याच बायका पुढच्या महिन्यात पुन्हा यायच्या आणि पुन्हा हात वर करायच्या.

लग्नानंतर बायको इकडे आली तेव्हा मी तिला मोठ्या दिमाखात दुकानात घेऊन गेलो. म्हटलं, ओळखीचं आहे. काकींनी तिला तासभर बसवलं-उठवलं आणि काहीही दिलं नाही. वर मला सुनावलं, "हिला जे शोभेल ते मी अजून शिवलेलं नाही. आणि तुला जी शोभेल ती ही नव्हे, पण ते आता झालं." बाहेर आल्यावर मी घाबरत बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला आवडल्या त्या. अगदी खरं बोलतात."

हे सगळं काकी कुठे शिकल्या, ते त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं. लग्नानंतर यजमानांच्या शिक्षणासाठी दोघं लंडनला गेले होते. "मी घरात बसून काय करू? कोपऱ्यावर तळघरात एक दुकान होतं. केस वाढवलेली पोरं-पोरी यायची, जमिनीवर बसायची, गाणी ऐकायची. एकदा आली की जायचीच नाहीत. कुणाला नोकरी नको, कुणाला बापाचं घर नको, कुणाला लढाई नको. आणि अंगात काय, तर आपल्याकडच्या पलंगपोसाचे झगे! मी म्हटलं, माझ्या आईच्या गादीवरची चादर या पोराच्या अंगावर आली कशी? म्हणून विचारायला आत गेले, ती तिथंच कामाला लागले." पुढे यजमानांना बहारीनमध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरी मिळाली आणि काकींनी ते तळघर अदलियात आणून मांडलं.

मी त्यांची खोली सोडून बिऱ्हाड हलवलं तेव्हा त्यांनी मला एक कोट शिवून दिला. सोलापुरी चादरीचा. जांभळा, आणि पाठीवर चादरीतला मोर पिसाऱ्यासकट. मी तो ऑफिसच्या वार्षिक जेवणाला घालून गेलो. आता आपण बदललो आहोत, लोकांना ते दिसलं पाहिजे, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. हॉटेलच्या दारातल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने मला मागच्या दाराने स्टेजवर नेऊन सोडलं. तिथे वाद्यवृंदाची जुळवाजुळव चालली होती. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला आणि 'चेक करा' म्हणाला. नाही म्हणायला मला कधी जमलेलं नाही. मी 'वन टू, वन टू' म्हणालो. पडदा उघडाच होता. समोर आमचे बॉस सहकुटुंब बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर तो कोट कपाटात गेला, पण ऑफिसमध्ये माझी कीर्ती राहिली. कित्येक वर्षांनी, म्हणजे अगदी परवापरवा, मनामातल्या एका संग्रहालयात साठ-सत्तरच्या काळातल्या बंडखोर बुटिकांमधल्या कपड्यांचं प्रदर्शन यायचं ठरलं. बहुतेक कपडे परदेशातून येणार होते. आमच्या कंपनीने प्रायोजकत्व घेतलं, आणि कंपनीतर्फे लक्ष घालायला कोण? बॉस म्हणाले, "आपला तो मोरवाला."

प्रदर्शनाची आखणी नूरा नावाची एक तरुण बहारीनी बाई करत होती. हुशार, भरभर बोलणारी, कामात बुडालेली. तिच्याबरोबर दोन बैठका झाल्या आणि मी घरी 'प्रतिसंस्कृती' हा शब्द वापरू लागलो. तिकडच्या तरुणांनी कापडातून प्रस्थापितांना दिलेला नकार, वगैरे. माझी मुलगी मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. ती म्हणाली, "बाबा, यू वेअर द सेम शर्ट एव्हरी डे." बायको म्हणाली, "जेवताना प्रतिसंस्कृती नको. भात गार होतोय."

नूराला एक कोपरा इथला हवा होता. त्या काळाचं वारं आखातात कुणी आणलं, कुणी शिवलं, कुणी घातलं. काकींचं नाव तिने तिच्या आजीकडून ऐकलं होतं. मी लगेच म्हणालो, "त्या माझ्या घरच्यासारख्या आहेत. आणतो कपडे. इंशाल्ला." इथे इंशाल्ला म्हटलं की समोरचा माणूस समजून घेतो आणि विषय सोडून देतो. नूराने मात्र वहीत लिहून घेतलं आणि बॉसनाही कळवलं.

काकींकडे गेलो. दुकानात खोकीच खोकी. दुकान ज्या बंगल्यात भाड्याने होतं, त्याच्या मालकाला तिथे कॅफे काढायचा होता. अदलियात आता कॅफेखेरीज दुसरं काही काढायला परवानगी नसावी अशी माझी समजूत आहे. दुकान बंद, म्हणजे दुकानाच्या नावावरचा व्हिसा बंद. काकी कोल्हापूरला बहिणीकडे जाणार होत्या. मूलबाळ नव्हतं.

"खलास," त्यांनी हात झटकले. "आता यात रडण्यासारखं काय आहे? तू का तोंड पाडलंस?"

मी म्हटलं, "काकी, एवढे कपडे न्याल कुठे? संग्रहालयाला द्या. काचेच्या कपाटात नीट राहतील."

"काचेत मासे ठेवतात."

"पण जपले जातील हो."

"जपून काय करतोस? अंगावर चढलं नाही तर ते कापडच. आणि ती पोरगी त्यावर काय लिहिणार?"

नूराच्या मजकुराचा कागद माझ्याकडे होता. त्यात मीही भर घातली होती. मी वाचून दाखवलं: प्रस्थापित व्यवस्थेविरुद्धचा वस्त्ररूपी विद्रोह. काकी शांतपणे ऐकत होत्या.

"विद्रोह कुणी केला?"

"तुम्ही."

"मी दुकान चालवत होते रे. दुपारी दोन घास खायला फुरसत नसायची. विद्रोह कधी करणार?"

मी परतलो. पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेलो, या वेळी सामान बांधायला मदत म्हणून, मनातला हेतू अर्थातच तोच. खोकी भरता भरता मी जिन्याखालचं कपाट उघडलं. आत पुरुषांचे शर्ट होते. एकावर सूर्यफुलं, एकावर आंबे, एकावर समुद्राच्या लाटा आणि त्यात होड्या. सगळे एकाच मापाचे, सगळे इस्त्री केलेले. काकी कपड्याला कधी इस्त्री करू देत नसत.

काकीच म्हणाल्या, "ह्यांचे. आठवडाभर कारखान्यात पांढरा शर्ट. शुक्रवारी मी शिवलेला घालायचे. त्यांना अजिबात आवडायचे नाहीत. हा सूर्यफुलांचा घालून समुद्रावर फिरायला निघालो की खाली मान घालून चालायचे, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. कधी नाही म्हणाले नाहीत. इस्त्री तेवढी स्वतः करायचे. म्हणायचे, 'निदान घडी तरी सरळ असू दे.'"

त्या खुर्चीवर बसल्या. प्रथमच मला त्या सत्तरी ओलांडलेल्या बाई दिसल्या.

"कोल्हापूरला नेले तर बहीण म्हणंल, हे काय? आणि मी गेल्यावर बोहारणीला देईल. इथं ठेवले तर त्या कॅफेवाल्याला सापडतील. काचेत घातले तर ह्यांना बिचाऱ्यांना मेल्यावरसुद्धा लोकांसमोर उभं राहायचं."

मी एक खोकं उगाच चिकटपट्टीने पुन्हा बांधलं. मग काकींनी माझ्याकडून नंबर घेऊन नूराला फोन लावला. बोलणं अर्धं अरबीत, अर्धं इंग्रजीत. "एक दुपार दे मला. तुझं अंगण दे. माझे सगळे कपडे आणते. काच नको, आरसा नको, पाट्या नकोत. ज्याचा जो आहे तो त्याला मी देईन, आणि तो घालून घरी जाईल."

नूरा इतकी खूश झाली की तिचा आवाज मला खोक्यांपलीकडून ऐकू आला. मग तिने घाबरत विचारलं, संग्रहालयासाठी निदान एक तरी? काकींनी माझ्याकडे पाहिलं.

"तो मोराचा कोट आहे का रे अजून?"

"आहे ना! जपून ठेवलाय."

"दे त्यांना. तो तुझ्या अंगावर कधी जिवंत नव्हताच. त्याला काचेत ठेवायला माझी हरकत नाही."

आणि खरोखरच साऱ्या प्रदर्शनात, लंडनहून आलेल्या मखमली कोटांच्या आणि झालरींच्या शेजारी, काकींच्या कामाचा काचेतला एकमेव नमुना म्हणजे माझा कोट होता. खाली लिहिलं होतं: खासगी संग्रहातून. उद्घाटनाला बायकोने माझा त्याच्याशेजारी फोटो काढला. काचेला टेकू नका म्हणून पहारेकरी मला रागावला. कोट माझा आहे असं मी त्याला सांगितलं. त्याने माझ्या निळ्या शर्टाकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला नाही.

काकींची दुपार हिवाळ्यातल्या शनिवारी झाली. अंगणात दोऱ्या बांधून कपडे टांगले होते आणि वाऱ्याने ते हलत होते. माझं काम हँगरचं. दोन्ही हातांवर झगे घेऊन मी उभा होतो आणि काकी मधे खुर्ची टाकून बसल्या होत्या. माणसं येत गेली. शाळकरी मुली, बँकेतली मंडळी, कुणाच्या कुणाच्या आज्या. हात वर, खाली बसा, मागे बघा. अंगणभर लोक हात वर करून उभे आहेत असं दृश्य पाहून संग्रहालयाचे संचालक धावत बाहेर आले. नूराने त्यांना बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे, पण जाताना त्यांच्या अंगात लाल कुडता होता.

काळा पायघोळ अबाया घातलेल्या एक वयस्क बाई रांगेत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मदाम, मी कॉलेजात होते तेव्हा तुम्ही मला एक हिरवा कोट दिला नव्हता. मी घरी जाऊन रडले होते."

काकींनी त्यांना नीट निरखलं. "तेव्हा तू खांदे पाडून चालायचीस. हात वर कर बघू."

बाईंनी हात वर केले. काकींनी मला खुणावलं, मी हिरवा कोट काढला. "आता तुझा झाला," काकी म्हणाल्या. त्या बाई अबायावरच कोट चढवून सबंध दुपार अंगणात फिरत राहिल्या. नूराची आजी ती.

दोऱ्या रिकाम्या होत आल्या, तरी काकींच्या खुर्चीखालची बॅग बंदच होती. त्यात काकांचे शर्ट होते. मी हळूच विचारलं, "काकी, हे?"

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. बाहेर मालकांना सोडायला आलेले ड्रायव्हर गाड्यांना टेकून उभे होते. आपले चिपळूणकडचे, केरळचे, काही पाकिस्तानी.

"त्यांना बोलव. यल्ला, चल, उघड बॅग."

ते बिचकत आत आले. मला वाटलं, आता हात वर करायला लावतील. पण काकी नुसत्या म्हणाल्या, "ज्याला जो पाहिजे तो घ्या." इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला स्वतः निवडू दिलेलं मी पाहिलं नव्हतं. चिपळूणच्या माणसाने आंब्यांचा उचलला आणि अंगाला लावून बघत म्हणाला, "मावशी, ह्यो घालून गेलो तर गावात वळखायचे नाय मला."

"मग कर की मजा," काकी म्हणाल्या.

सूर्यफुलांचा शर्ट एका सडपातळ माणसाने घेतला. त्याने ओढला तेव्हा कॉलर अजून काकींच्या चिमटीत होती. क्षणभर दोघांनी दोन बाजूंनी तो धरून ठेवला. मग काकींनी सोडला, आणि बॅगेची चेन लावून टाकली.

त्यानंतर लवकरच त्या कोल्हापूरला गेल्या. विमानतळावर मी रडवेला झालो होतो. त्या म्हणाल्या, "तू आधी दुसऱ्या रंगाचा शर्ट घे, मग भावना दाखव."

हिवाळा संपता संपता मी एकदा जिदहफ्सच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो होतो. टोमॅटोच्या हातगाडीमागे एक माणूस उभा होता, बहुधा बांगलादेशी, आणि त्याच्या अंगात सूर्यफुलं होती. हा त्या दुपारचा माणूस नव्हे. शर्ट त्याच्यापर्यंत कुठून कसा आला, कुणास ठाऊक. मी तिथेच उभा राहिलो. तो गिऱ्हाइकांशी बोलत होता, हसत होता, पिशव्या भरत होता. मी बराच वेळ बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"क्या देखता है, भाई?"

मी भरमसाट टोमॅटो घेतले आणि गाडीत बसून कोल्हापूरला फोन लावला. मफी झाल्यावर सगळं सांगितलं.

काकी म्हणाल्या, "इस्त्री होती का?"

"नव्हती. चुरगळलेला होता. टोमॅटोचे डागही पडलेत."

"आणि बाह्या?"

"बाह्या दुमडल्या होत्या. कोपरापर्यंत."

"कोपरापर्यंत," त्या म्हणाल्या. "ह्यांनी कधी दुमडल्या नाहीत रे. मनगटाचं बटण लावूनच घालायचे. मी दर शुक्रवारी सांगायची, अहो, बाह्या वर करा, माणूस मोकळा दिसतो. कधी ऐकलं नाही."

मागे त्यांच्या बहिणीच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं, ते ऐकू येत होतं.

"कसा दिसत होता?" काकींनी विचारलं.

"छान दिसत होता, काकी."

"दिसणारच," त्या म्हणाल्या. "मी सांगत होते त्यांना."